शेजारच्या राबाचा धूर

कंटाळा आलाय, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे मग कोणी माझ्याकडून ताऱ्यांची ओढ, विश्वाचं कुतूहल वगैरेची अपेक्षा ठेवायला नको. ते सगळं मी विज्ञान दिनाला शाळांमधून बोलते. माइक खरखरतो, पोरं उन्हात चुळबुळ करतात, मुख्याध्यापक घड्याळ बघतात आणि मी 'आकाशाकडे बघत राहा, मुलांनो' असं सांगून नारळ घेऊन घरी येते. घरी आल्यावर पाय गरम पाण्यात बुडवून बसते आणि त्या दीर्घिकेचा विषयही काढत नाही.

मी तलासरीच्या बाजूला एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. राहते डहाणूला, भाड्याच्या दोन खोल्यांत, एकटी. घर म्हणायचं ते रानशेतच्या आत एका पाड्यावर. तिथे बाबा, दादा, वहिनी आणि थोडी भातशेती. आई जाऊन बरीच वर्षं झाली. कॉलेजला जाता-येता मी रोज घराच्या फाट्यावरून जाते, पण उतरायला जीव राहिलेला नसतो. सकाळी डहाणूहून निघालेली ईको व्हॅन माणसं कोंबत कोंबत हायवेला लागते, विवळवेढ्याला देवीला हात जोडायला कोणीतरी वळतं आणि त्याचं कोपर माझ्या बरगडीत बसतं, मग तिथून ट्रकांच्या मागे रांगत रांगत तलासरी.

कॉलेजात फिजिक्सला पोरं कमी आणि कामं जास्त. प्रवेशाच्या वेळी टेबलावर मी, परीक्षेला सुपरव्हिजनला मी, तपासणी समिती येणार म्हटलं की फायलींना लेबलं चिकटवायला मी. "मॅडम, तुम्हाला काय, तुमच्या मागे संसार नाही," हे त्यामागचं कारण. एकदा मी चिडून म्हटलं, "नाही कसा? घरात दीर्घिका आहे ना, सारखी आजारी असते." कोणी हसलं नाही. लेबलं मीच चिकटवली.

तर ही दीर्घिका, ताऱ्यांचा एक अफाट, लांबचा पसारा. तिला धड नावही नाही, नुसते आकडे आहेत. साध्या दुर्बिणीतून बघितलं तर एक पुसट डाग. पण अवरक्त प्रकाशात, म्हणजे जो डोळ्यांना दिसत नाही पण कातडीला ऊब म्हणून कळतो त्या प्रकाशात बघितलं, तर आपल्या आकाशगंगेला कुठल्या कुठे मागे टाकील इतकी झगझगीत. त्याचं कारण धूळ. दोन दीर्घिका एकमेकींवर आदळल्या, त्यांचा वायू आणि धूळ आत आत ओढली गेली आणि त्या धुळीच्या पोटात काहीतरी भयंकर पेटलं. आतला उजेड धूळ गिळते, तापते आणि ती ऊब बाहेर टाकते. आपल्यापर्यंत पोचते ती नुसती ऊब. आत काय पेटलंय ते शोधून काढायचं, हा माझा पीएचडीचा विषय. घेतला तेव्हा फार सुंदर वाटला होता.

बाबांना समजावं म्हणून मी राबाचं उदाहरण दिलं. आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या आधी ती जागा भाजून घेतात, तो राब. खाली शेण, त्यावर वाळलेल्या फांद्या, त्यावर पालापाचोळा, मग गवत आणि सगळ्यात वर बारीक केलेली माती. वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचा, म्हणजे भडकत नाही, आतल्या आत सरकत जातो. तणाचं बी जळून जातं आणि राखेचं खत होतं. लांबून बघाल तर नुसती माती आणि वर धूर. जवळ गेलं की तोंडाला धग लागते, पण या घटकेला आत फांदी जळतेय की शेण, ते वरून सांगता येत नाही.

"आणि ते तू सांगायचं?" बाबांनी विचारलं.

"हो."

"हात न लावता?"

"हात न लावता. लांबून."

"आणि याचा पगार देतात?"

"नाही बाबा. याची फी भरायला लागते."

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. वहिनीने पाणी आणून दिलं आणि माझ्याकडे रागाने बघितलं. पण त्या दिवसापासून बाबांना माझा विषय स्वतःचा वाटायला लागला. शनिवारी मी गेले की पहिला प्रश्न ठरलेला. "काय गो बाय, कळलं का काय जळतंय?"

आत दोन गोष्टी असू शकतात. एक तर नवे तारे एकदम ढिगाने जन्माला येताहेत, त्यांचा जाळ. नाहीतर मधोमध एक अगडबंब कृष्णविवर आहे आणि त्यात पडता पडता वायू तापतोय, त्याची आग. कधी दोन्ही. ओळखायचं असं, की त्या धुळीत काजळीच्या जातीचे कण असतात. ताऱ्यांच्या जाळात ते चमकतात आणि प्रकाशाचा आलेख काढला की त्यांचे उंचवटे दिसतात. कृष्णविवराच्या आगीजवळ ते टिकत नाहीत, म्हणून उंचवटे बसून जातात. माझ्या दीर्घिकेच्या आलेखात ऊब रग्गड होती आणि उंचवटे जवळजवळ नव्हतेच. म्हणजे कृष्णविवर. हे ठरवायलाच मला कित्येक वर्षं लागली, कारण दिवसा फायली आणि संध्याकाळी दीर्घिका. शिवाय एक दिवस नेट नाही, एक दिवस वीज नाही आणि दोन्ही असतील त्या दिवशी माझं डोकं जागेवर नाही. पण ठरलं. ते कृष्णविवर किती मोठं, किती गिळतं, धूळ त्याच्याभोवती कशी बसलीय, अशी एकावर एक प्रकरणं रचत गेले.

ठरलं त्या शनिवारी मी बाबांना सांगितलं, "कळलं. कृष्णविवर आहे."

"ते काय असतं?"

"एक खड्डा. त्यात जे पडतं ते पेटतं."

"बरं," बाबा म्हणाले. "मग आता डॉक्टर होशील?"

"लिहून द्यायचं राहिलंय. मग होईन."

इथे घोटाळा झाला. पीएचडी झाली की नावामागे डॉक्टर लागतं एवढं बाबांना दादाने सांगितलं होतं. ते त्यांनी पाड्यावर सांगितलं आणि पाड्याने त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. शेजारचे काका गुडघा घेऊन आले. आमच्या शेताला लागून त्यांचं शेत, मधे एक बांध. धोतर वर करून त्यांनी गुडघा माझ्यापुढे केला. मी म्हणणार होते की अहो काका, मी त्यातली नव्हे. पण बाबाच मधे बोलले. "अजून थोडं शिकायचं राहिलंय तिचं. झालं की बघेल." काका मान हलवून गेले. मी बाबांना म्हटलं, "अहो, खोटं कशाला सांगता?" तर म्हणाले, "खोटं काय? राहिलंयच ना थोडं?"

त्यानंतर काका दर शनिवारी बांधावरून हाक मारून विचारायचे, "झालं काय गो शिक्षण?" आणि बाबा ओट्यावरून ओरडायचे, "थोडं राहिलंय!" मला लाज वाटायची. राग यायचा. आणि हेही खरं की बाबांचा तो आवाज ऐकायला बरं वाटायचं. त्यांना दुसरं काही नको होतं. पाय गेलेले, डोळ्यांवर पडदा आलेला, ऑपरेशन करूनही फार फरक नाही. एकदा वहिनी मला म्हणाली, "बाबा रोज देवापुढे एवढंच मागतात. तू डॉक्टर झालेली बघायची आणि मग डोळे मिटायचे." डोळ्यांना दिसत नसताना बघायचं, असं म्हणून ती आणि मी दोघी हसलो.

मुदत वाढवून वाढवून शेवटची मिळाली. यापुढे नाही, असं स्पष्ट सांगण्यात आलं. मुंबईतले माझे मार्गदर्शक सर मला म्हणाले, "आता काही नवं करू नकोस. आहे ते बांध आणि दे." सर स्वतः निवृत्त व्हायला आलेले, तेही दमलेले. मी खरंच काही नवं केलं नाही. डहाणूत एक बाइंडिंगवाला आहे, घरी गुजराती बोलणारा. त्याने मरून रंगाचं रेक्झिन काढून ठेवलं होतं. मी बाजारात दिसले की विचारायचा, "मॅडम, सोनेरी अक्षर छापून टाकू ने?" मी म्हणायचे, "थांबा जरा, आत काय घालायचं ते तर येऊ दे."

मे महिन्याच्या सुट्टीत, लिखाण संपत आलेलं असताना, एक गोष्ट झाली. अवकाशातल्या नव्या मोठ्या दुर्बिणीने माझी दीर्घिका बघितली होती. दुसऱ्या कोणाच्या तरी कामासाठी. तशी माहिती काही काळाने सगळ्यांना खुली होते, कोणीही उतरवून घ्यावी. ती खुली झाली. मला एक चित्र हवं होतं, थिसिसच्या पहिल्या पानांत छान दिसेल म्हणून. बस, तेवढंच. घरच्या नेटवर ती फाइल जन्मात उतरली नसती, म्हणून सुट्टीतही ईकोत बसून तलासरीला गेले, शिपायाकडून लॅब उघडून घेतली आणि पंख्याखाली बसून राहिले.

चित्र उघडलं. माझ्या दीर्घिकेशेजारी एक छोटी दीर्घिका आहे, त्या धडकेतलीच दुसरी. ती काय, उरलंसुरलं गाठोडं, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. जुन्या दुर्बिणीची नजर उबेच्या प्रकाशात इतकी बारीक नव्हती. तिला दोघींचा मिळून एकच ठिपका दिसायचा. मोठी जिथे आहे तिथे ठिपका, मग तो मोठीचाच असणार. यात कोणाला शंका आली नाही. आमच्या धंद्यात असं चालतं, चालवावं लागतं. आता नव्या चित्रात दोन ठिपके होते. आणि झगझगीत होता तो छोटीचा.

मी दोघींचे आलेख वेगवेगळे काढले. हात आपोआप चालतात अशा वेळी. मोठीच्या आलेखात काजळीचे उंचवटे सरळ उभे होते, शाळेच्या पुस्तकात छापावेत असे. म्हणजे तारे. नुसते तारे. आणि छोटी सपाट. कृष्णविवर होतं, पण शेजारणीच्या पोटात. कर्म माझं! मी ज्या खड्ड्याची खोली-रुंदी मोजून प्रकरणं भरली होती, तो खड्डा तिथे नव्हताच. मी शिपायाला हाक मारली आणि चहा मागितला. तो म्हणाला, "मॅडम, सुट्टी आहे, कँटीन बंद." मग मी लॅबच्या पायरीवर बसून रडले. तो बिचारा घाबरून रस्त्यापलीकडून चहा घेऊन आला.

कोणी म्हणेल, बरं झालं की, नवा शोध लागला. लागला, पण तो ज्यांनी दुर्बीण वळवली त्यांचा, आणि ते काही झोपलेले नसणार. माझ्यासाठी त्याचा अर्थ एवढाच की थिसिसचं पहिलं प्रकरण सोडून बाकी सगळं नव्याने करायचं. आणि तेवढी मुदत नव्हती.

सरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे बघ, तुझं काम जुन्या माहितीवरचं आहे. त्या माहितीत जे दिसत होतं ते तू लिहिलंस. शेवटी दोन ओळी टाक, की नव्या निरीक्षणांतून याची पुन्हा तपासणी व्हावी. यात काहीही गैर नाही."

"पण सर, तपासणी तर झाली. मीच केली."

"अगं, परीक्षकांनाही नाही कळणार. दे आणि मोकळी हो. मलाही मोकळं कर."

सरांचं चूक नव्हतं. त्यांच्या आवाजात माझ्याइतकाच शीण होता. मी 'बघते' म्हटलं आणि बॅग भरून घरी गेले. दोन ओळी टाकायच्याच, असं जवळजवळ ठरवून.

घरी राबाची गडबड चालली होती. सगळं रचून झालं होतं. दादाने दुपार टळताना राब पेटवला आणि बाबांची औषधं आणायला डहाणूला गेला. वहिनी पलीकडच्या पाड्यावर कोणाच्या तरी बारशाला. जाताना दादा मला म्हणाला, "बाय, नजर ठेव. विझतोय वाटलं तर टोकाला जरा उकर आणि पेंढा घाल. बाकी काही नाही." मी ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसले. बाजूला खुर्चीत बाबा. समोर ऊन असं की डोळे उघडवत नव्हते.

"धुमसतंय ना?" बाबा मधून मधून विचारायचे.

मी मान वर करायचे. धूर असायचा. "हो, चाललाय छान."

"मला पण वास येतोय," बाबा म्हणायचे आणि समाधानाने मान टेकायचे. मी पुन्हा त्या दोन ओळींकडे वळायचे. कशाही लिहिल्या तरी त्या चोरट्या दिसत होत्या.

दादा आला तो शेतावरून ओरडतच. "अगं ए, काय बघत होतीस? आपला कधीच विझलाय! निम्मासुद्धा जळला नाय!"

"विझलाय कसा? तो बघ धूर."

"तो काकांचा! बांधापलीकडचा!"

मी उठून गेले. खरंच. ओट्यावरून आमचा राब, बांध आणि काकांचा राब एका रेषेत येतात. काकांनीही त्याच दुपारी पेटवला होता. धूर त्यांचा, आणि मी तो आमच्या नावावर लावून बसले होते. वर्षानुवर्षं आकाशात हेच केलं आणि आता अंगणासमोर, उघड्या डोळ्यांनी, पुन्हा तेच! मला हसूच फुटलं, ते थांबेना. दादा म्हणाला, "हसतेस काय, वेडी झालीस का?"

बाबांनी माझी बाजू घेतली. "मला पण वास आला होता रे. तिला नको बोलू." आणि मग म्हणाले, "राहू दे. निम्मा तर निम्मा. पेरू तसंच."

दादा त्यांच्याकडे बघत राहिला. मीही. हेच बाबा. लहानपणी एक हातभर कड कच्ची राहिली म्हणून त्यांनी आम्हा दोघांना भर उन्हात पुन्हा पाला गोळा करायला पाठवलं होतं, आणि आम्ही त्यांना मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या. 'पेरू तसंच' हे शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते.

संध्याकाळी मी त्यांना सगळं सांगितलं. तो खड्डा आपल्या दीर्घिकेत नाही, शेजारणीच्यात आहे. मी चुकले. आता खरं लिहायचं तर मुदत जाते आणि डॉक्टर होणं राहतं. बाबांनी ऐकून घेतलं. मला वाटलं आता ते मला रागावतील, आणि खरं सांगायचं तर मला ते हवं होतं. कोणीतरी रागावून माझ्यासाठी ठरवून टाकायला हवं होतं.

"देऊन टाक तसंच," बाबा म्हणाले. "तिथे कोण जातंय बघायला?"

"बाबा!"

"माझ्याकडे दिवस नाय गो बाय." एवढंच म्हणाले आणि माझा हात धरायला हात पुढे केला. तो आधी चुकून लॅपटॉपवर पडला, मग मला सापडला.

राग आला. इतका की रात्री जेवले नाही. सरांचा आला नव्हता, मुदतीचा आला नव्हता, पण बाबांचा आला. सगळे दमले, ठीक आहे. मीही दमले. पण यांनी नाही दमायचं. यांनी कसं 'पेरू तसंच' म्हणायचं? आणि माझ्यासाठी म्हणताहेत, हे कळत होतं म्हणून आणखी राग.

सकाळी उठून मी कोयता आणि गोणपाट घेतलं आणि टेकाडावर गेले. पाला जवळजवळ संपलेला, सगळ्यांनी नेलेला. सागाची मोठाली पानं तेवढी उरली होती, ती पायांनी गोळा करत गेले. वहिनी न बोलता मागून आली आणि दुसरं गोणपाट भरायला लागली. दादा म्हणाला, "अगं, बाबा नको म्हणाले ना?" वहिनीने त्याला म्हटलं, "तू शेण घेऊन ये." विझलेल्या अर्ध्यात आम्ही पुन्हा थर रचले, माती टाकली, पेटवलं. या वेळी मी ओट्यावर बसले नाही. राबाच्या टोकाशीच उकिडवी बसले, तोंड भाजेपर्यंत, पार शेवटची कड काळी होईपर्यंत.

मग टेकाडावर जिथे रेंज येते तिथे जाऊन सरांना मेल लिहिली. चार वाक्यं. निष्कर्ष चुकीचा आहे, मला माहीत आहे, म्हणून देत नाही. सरांचा फोन लगेच आला. "मुदत गेली, समजतंय ना तुला?" समजतंय म्हटलं. "पुन्हा पहिल्यापासून नाव नोंदवावं लागेल." समजतंय म्हटलं. ते म्हणाले, "मला वाईट वाटतंय." मला वाटतं, ते खरंच म्हणत होते.

बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं. ते माझ्याशी बोलायचे बंद झाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. वहिनीला म्हणायचे, "विचार तिला, भाकरी हवी काय?" मी समोर बसलेली असायची. शनिवारी गेले की 'काय गो बाय' नाही, 'कळलं का' नाही. काका बांधावरून ओरडायचे, "झालं काय गो शिक्षण?" आणि ओट्यावरून काहीच उत्तर जायचं नाही. काका आपले वाट बघून कामाला लागायचे. डहाणूला आले की बाइंडिंगवाल्याचं दुकान चुकवून मी लांबच्या गल्लीने जायचे. बाबांची एकच इच्छा होती आणि ती मी माझ्या हाताने मोडली, हे मला झोपताना कळायचं आणि उठतानाही. बरोबर वागले म्हणून छाती फुगते वगैरे काही नसतं. नुसतं दमायला होतं.

आमच्याकडे पाऊस यायच्या आधीच कोरड्या धुळीत भाताचं बी टाकतात. धूळवाफ म्हणतात त्याला. बी टाकायच्या दिवशी बाबा दादाला म्हणाले, "मला राबावर ने." दादाने आणि मी त्यांना खुर्चीसकट उचलून नेलं. मी खुर्चीची मागची बाजू धरली होती, त्यांना ते कळलं असणार, पण बोलले नाहीत. त्यांनी खाली वाकून आधी एका बाजूची माती मुठीत घेतली, मग दुसऱ्या बाजूची.

"पुन्हा भाजलेली कुठली?" त्यांनी दादाला विचारलं.

"डाव्या हातातली."

त्यांनी दोन्ही मुठी चोळून बघितल्या. "मला तर सारखीच लागते," म्हणाले आणि दोन्ही सोडून दिल्या.

तेवढ्यात काका बांध ओलांडून आले. लंगडत, धोतर आधीच वर धरलेलं. "काय, डॉक्टरीणबाय आलीय की! झालं काय आता तरी?"

मी खाली बघितलं. बाबा म्हणाले, "ती डॉक्टर नाय."

"म्हणजे? थोडं राहिलं होतं ना?"

"नाय. नाय झाली ती." बाबांनी खाकरून घेतलं. "शेजारच्याचा धूर होता. आपला नाय म्हणाली. सोडलं तिने."

"माझा धूर?" काका चपापले. "माझ्या राबाने काय केलं रे?"

दादा हसला. वहिनी पदर तोंडाला लावून वळली. काकांना काही कळलं नाही, ते तसेच गुडघा धरून उभे राहिले. मग बाबांनी मान वळवली, माझा श्वास ज्या बाजूने ऐकू येत होता त्या बाजूला, आणि कित्येक दिवसांनी माझ्याशी बोलले.

"बाय, तरी बघ गो याचा गुडघा."

मी धुळीत बसले आणि काकांच्या गुडघ्यावर हात ठेवला. सुजलेला होता, आणि चांगला गरम.

"काय आहे आत?" काकांनी विचारलं.

"गरम लागतोय," मी म्हटलं. "आत काय आहे ते मला नाही सांगता येणार, काका. दवाखान्यात दाखवा. उद्याच जा."

काका हिरमुसले. इतकी वर्षं वाट बघून हे.

"ऐकलंस ना?" बाबा त्यांना म्हणाले. "तिला दिसलं नाय तर ती सांगत नाय." आणि मग त्यांनी दादाला बी टाकायला सांगितलं.